पाना हातात घेण्याआधी

शिरूरहून न्हावरा, पारगावमार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटरसायकल बंद पडली, तर माणूस फार वेळ एकटा राहत नाही. पहिला थांबणारा विचारतो, ‘पेट्रोल आहे ना?’ दुसरा विचारतो, ‘प्लग बघितला का?’ तिसरा काहीच विचारत नाही. गाडी स्टँडवर घेतो, खाली बसतो, हळू एक किक मारतो आणि कान देऊन ऐकतो.

हा तिसरा सहसा मेकॅनिक नसतो. तो रांजणगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारा ऑपरेटर असतो, दौंडच्या रेल्वे वसाहतीतला निवृत्त फिटर असतो, डेअरीला दूध घालून परतणारा शेतकरी असतो, नाहीतर झेडपीच्या शाळेतले गुरुजी. गाड्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा नाही. त्याला ते आवडतं, एवढंच. त्यापायी तो घरी बोलणी खातो. रविवारी सकाळी अंगणात उघडलेलं इंजिन संध्याकाळपर्यंत पुन्हा मिटेल याची खात्री नसते, आणि स्वयंपाकघरातली एखादी परात सुटे भाग धुण्यासाठी कायमची बाहेर गेलेली असते. पूर्वी त्या परातीत रॉकेल असे; रेशनवरचं रॉकेल बंद झाल्यापासून डिझेल असतं.

अशी माणसं महाराष्ट्रात सगळीकडे आहेत. पण घोडनदीच्या काठचं शिरूर आणि भीमेच्या काठचं दौंड या दोन तालुक्यांत ती दाट भेटतात, आणि त्याला कारणं आहेत. त्यांच्या अंगणात बसून माझं एक मत पक्कं झालं. दुरुस्तीत हात आणि हत्यारं नंतर येतात. आधी लागते ती शोधाची शिस्त. ती फारशी कुठे शिकवली जात नाही. एक गाव मात्र अपवाद आहे, आणि ते शिरूर तालुक्यातच आहे. त्या गावाकडे येतोच.

आधी ही शिस्त म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलचं इंजिन चालायला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, सिलिंडरमधला दाब आणि नेमक्या वेळी पडणारी ठिणगी. चारही असतील तर इंजिन चालतंच, त्याला दुसरा इलाज नसतो. चालत नाही म्हणजे यातलं काहीतरी एक नाही. मग कोणतं नाही, हे पाना न लावता किंवा कमीत कमी पाने लावून कसं कळेल? जाणकार माणूस सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोप्या तपासणीपासून सुरुवात करतो. हँडलवरचं लाल बटण पाहतो. ते चुकून दाबलं गेल्यामुळे गाडी दोन-दोन किलोमीटर ढकलत आणणारे लोक सगळ्याच गावांत असतात. मग टाकीचं झाकण उघडतो. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक चिखलानं बुजलेलं आहे. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. खर्च शून्य, हत्यार सुई.

तिथे काही सापडलं नाही, तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करायचा. पेट्रोल गळलं, म्हणजे टाकी, कॉक, नळी आणि फ्लोट इतका सगळा रस्ता मोकळा आहे. एका स्क्रूनं निम्मा प्रश्न संपला. मग ते सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्यायचं, आणि त्यानंतरच प्लग काढून, टोपीत परत खोचून, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला टेकवून किक मारायची. निळी, कडक ठिणगी पडली तर वीज ठीक. पिवळट, लंगडी पडली तर कॉइल किंवा मॅग्नेटकडे वळायचं. मुळीच पडली नाही तरी कॉइल लगेच विकत आणायची नाही. आधी टोपी, वायर, अर्थिंग. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक. अंगठा फेकला गेला तर दाब आहे.

आणि हातात आलेला तो प्लग स्वतःच बरंच सांगतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन सुखी आहे. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर उघडून पाहा, धुळीनं भरलेला असणार. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. तेलानं ओला असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील गेलं. नुसता पेट्रोलनं ओला असेल, तर गाडी ‘ओव्हर’ झालीय. चोक बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून दहा किका मारा.

यात अवघड काय आहे? एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ती क्रमाने करणं आणि मध्येच मोहाला बळी न पडणं. मोह म्हणजे ‘बदलून बघू’. प्लग बदलून बघू, नाही जमलं तर कॉइल बदलून बघू, मग सीडीआय, मग अख्खा कार्बोरेटर. गॅरेजवाल्याला हे परवडतं. दारात दहा गाड्या उभ्या असतात आणि शोधण्यापेक्षा बदलणं लवकर होतं. पैसे गाडीवाल्याचे जातात. गॅरेजवाल्याला मी दोष देणार नाही, त्याचं पोट मिनिटांवर आहे. हौशी माणसाकडे मात्र अख्खा रविवार असतो, आणि हीच त्याची सर्वांत मोठी हत्यारपेटी. इथल्या अंगणांत ऐकू येणारा संवाद साधारण असा असतो:

‘काका, प्लग नवा टाकला, कार्बोरेटर धुतला, फिल्टर बी बदलला. आता पळतीय.’

‘मग कशानं पळाली?’

‘ते नाही सांगता यायचं.’

‘मग दुरुस्त नाही झाली. नुसती सुरू झाली.’

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी. प्रयोगशाळेतली माणसं हा नियम शिकायला पदव्या घेतात.

सगळ्यात चिवट बिघाड असतो तो गाडी गरम झाल्यावर बंद पडण्याचा. वीस किलोमीटर नीट चालते, मग मिसिंग करते, मग बंद. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा पहिल्या किकमध्ये चालू. गॅरेजला नेईपर्यंत गार होते, त्यामुळे मेकॅनिक म्हणतो, ‘चालतीय की.’ अशा बिघाडाला गाठायचं तर तो असताना गाठावा लागतो. म्हणून जाणकार खिशात प्लग पाना घेऊन मुद्दाम लांब फिरायला निघतो, आणि गाडी जिथे मरेल तिथेच, त्याच मिनिटाला, ठिणगी तपासतो. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा पिकअप गरम होऊन आतून तुटतंय. ठिणगी असेल पण अंगठ्याला दाब लागत नसेल, तर बहुतेक टॅपेट घट्ट बसवलेत. धातू तापून फुगला की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. टॅपेटचा ‘टकटक’ आवाज नको म्हणून कोणीतरी ते आवळलेले असतात. थोडा आवाज करणारे टॅपेट बरे, हे इथले जुने लोक सांगतात ते खरंच आहे. त्या बारीक फटीचं माप कंपनीनं ठरवून दिलेलं असतं आणि ते फिलर गेजनं, इंजिन थंड असताना घ्यायचं असतं. कानानं नव्हे.

आता ही माणसं इथेच का, याची कारणं. पहिलं कारण विहिरीवरचं इंजिन. शिरूरचा बराचसा भाग अवर्षणाचा. कालवे सगळीकडे पोचले नव्हते आणि वीजही नव्हती, तेव्हा विहिरीतलं पाणी काढायला डिझेलचं इंजिन होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत एक सिलिंडरची, जड फ्लायव्हीलची इंजिनं गावोगाव पोचली. ते इंजिन हँडल मारून सुरू करायचं: आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उघडायचा, चाकाला वेग द्यायचा, मग खटका सोडायचा. रात्री पाळीचं पाणी चालू असताना इंजिन बंद पडलं, तर मेकॅनिक पुढच्या आठवड्याच्या बाजाराला भेटणार. पीक तोवर थांबत नाही. शेतकरी शिकला.

तो प्रामुख्यानं एक गोष्ट शिकला: हवा काढणं. डिझेलच्या टाकीत खडखडाट झाला किंवा फिल्टर बदलला, की नळीत हवा धरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. म्हणून नळीत बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला आवळण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपानं फेस जाईपर्यंत डिझेल वाहू द्यायचं, मग फ्युएल पंपावरचा स्क्रू, मग नोझलजवळचा नट, आणि तो सैल असताना इंजिन फिरवायचं. टाकीकडून नोझलकडे, याच क्रमानं. जुन्या तंत्राच्या ट्रॅक्टरला आणि पिकअपला हे आजही जसंच्या तसं लागू आहे. नव्या, कॉमन रेल इंजिनांत मात्र नळीतला दाब प्रचंड असतो. चालत्या इंजिनचा नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते. तिथे हा जुना हात लावायचा नाही.

धुरावरून निदान करणंही त्या विहिरींवरच शिकलं गेलं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे कच्चं डिझेल बाहेर येतंय, किंवा पाणी आत शिरलंय.

दुसरं कारण लुना. १९७२ साल महाराष्ट्राला दुष्काळामुळे आठवतं. त्याच साली कायनेटिकनं पन्नास सीसीची लुना आणली, आणि या कंपनीचा कारखाना नगरला (आताच्या अहिल्यानगरला) नगर-दौंड रस्त्यावर होता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, पॅडल मारून सुरू करायची, चढावर इंजिनला पायांनी मदत करायची. हिची यंत्रणा इतकी उघडी होती की दहावीतला पोरगाही ती खोलून परत बसवू शके. लुनाच्या जोडीला राजदूत, बजाजची एम-८०, हिरो होंडा. आणि १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स-१००, जिची विक्री १९९६ मध्ये थांबली तरी तिच्यावरचा जीव थांबला नाही. टू-स्ट्रोक इंजिनचा सायलेन्सर कार्बननं चोंदतो, गाडीचा पिकअप जातो, आणि मालक बिचारा इंजिनकामाचे पैसे जुळवत बसतो. जाणकार आधी सायलेन्सरची आतली नळी काढून साफ करतो. बुलेटची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या, पॉइंटवाल्या बुलेटला दांडगटपणे किक मारली तर ती पाय उलटा फेकते. डीकॉम्प्रेशनची पट्टी ओढून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की पिस्टन योग्य जागी आलाय असं समजायचं आणि मग एकच, शांत, पूर्ण किक. ती चालवायला शिकण्याआधी सुरू करायला शिकावी लागे.

तिसरं कारण रेल्वे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झालं. वाफेच्या इंजिनांच्या काळात इथे फिटर, बॉयलरवाले, टर्नर यांच्या पिढ्या घडल्या. ड्युटी संपवून घरी आलेला फिटर शेजाऱ्याची सायकल, शिलाई मशिन, स्कूटर सगळं बघे. त्या घरांतल्या मुलांना मायक्रोमीटर म्हणजे काय हे शाळेआधी कळलं. दौंडच्या हौशींचा एक गुण मला त्यामुळेच आलेला वाटतो: ते मोजतात. शिरूरचा माणूस आवाजावर जातो, दौंडचा मापावर. हे माझं निरीक्षण आहे, कोणी भांडायला येऊ नये.

चौथं कारण कारखाने. सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव हा नगर रस्त्याचा पट्टा वाहनांच्या सुट्या भागांवर जगतो. रांजणगावात महागणपती आहे आणि फियाटचा कारखानाही आहे. २००७ पासून तो टाटांच्या भागीदारीत चालला. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन तिथे बनायचं. हेच इंजिन परवाना घेऊन मारुतीनेही आपल्या मानेसरच्या कारखान्यात बनवलं, त्यामुळे पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, स्विफ्ट, डिझायर या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन होतं. जो कामगार आठ तास त्याचे बोल्ट टॉर्क रेंचनं ठरावीक जोरानं आवळतो, तो घरी येऊन स्वतःच्या गाडीचं हेड अंदाजानं आवळत नाही. गावात टॉर्क रेंच आला तो असा, कंपनीतून. म्हणजे त्याचं ज्ञान कंपनीतून; रेंच त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला असतो.

आता ते अपवाद असलेलं गाव, पाबळ.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, मुंबईत मोठी नोकरी. ती त्यांनी सोडली आणि १९८३ साली पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली. ही संस्था जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांच्या कामानं ओळखली जाते. पाबळ तेव्हा दुष्काळी गाव होतं. कलबागांनी ते याच कारणानं निवडलं: इथे जे चालेल ते देशातल्या बहुतेक खेड्यांत चालेल. शाळेतून गळालेल्या मुलांना त्यांनी वर्षभर निवासी ठेवून वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, मोटार रिवाइंडिंग, पशुपालन, माती-पाण्याची तपासणी शिकवली. पुस्तकातून नव्हे, गावातली खरी कामं घेऊन, खऱ्या गिऱ्हाईकाला बिल देऊन. या अभ्यासक्रमाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. मुलांच्या हातून चुका होत, काम पुन्हा करावं लागे, आणि का चुकलं हे लिहून काढावं लागे. या शेवटच्या भागावर माझा सर्वाधिक विश्वास आहे.

पाबळमध्ये जुन्या जीपचे सुटे भाग वापरून एक छोटा ट्रॅक्टर तयार झाला, ‘मेकबुल’ नावाचा. ज्याची जमीन थोडी आणि बैल विकले गेलेत, त्याच्यासाठी. जीपच का, तर तिचे भाग भंगारात मिळतात, गावातल्या फिटरला ते ओळखीचे असतात आणि बिघडले तर बदलता येतात. ट्रॅक्टर किती ताकदीचा आहे यापेक्षा तो बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न रचनेच्या पहिल्या दिवशी विचारला गेला होता. आपल्याकडे यंत्रं आणणाऱ्या किती योजनांत हा प्रश्न विचारला जातो?

पुढे अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्याशी आश्रमाचा संबंध आला आणि २००२ साली पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ही एक. आश्रम तिला ‘फॅब लॅब शून्य’ म्हणतो. जगभर आज अशा लॅब हजाराहून जास्त आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांत नावाच्या पाट्या आणि मोबाइलचे स्टँड बनतात. पाबळच्या लॅबपुढे सुरुवातीला आलेली कामं निराळी होती: दुधाची प्रत तपासणारं साधन, आणि डिझेल इंजिनचं ट्यूनिंग जमवायला मदत करणारं साधन. परिसरात इंजिनं कानावर ट्यून केली जात होती. इंधन सिलिंडरमध्ये नेमकं कधी सुटतं, हे थोडं इकडेतिकडे झालं तरी डिझेल जास्त जळतं, आणि तो तोटा मालकाला कधी दिसत नाही. म्हणजे विहिरीवर कानानं ऐकणारा शेतकरी आणि मोजणारं यंत्र यांची गाठ शिरूर तालुक्यातच पडली. कलबाग २००३ साली गेले. आश्रमाचं काम चालू आहे, आणि त्यातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या अनेक शाळांतून शिकवला जातो. त्यात मुलीही वेल्डिंगचा मुखवटा लावून उभ्या राहतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण रविवारच्या अंगणात बाईमाणूस पाना धरताना मला फारसं दिसलं नाही. स्कूटी सगळ्यात जास्त बायकाच चालवतात, आणि पंक्चर झालं की फोन नवऱ्याला किंवा भावाला जातो. यात बदल शाळेतूनच येईल, अंगणातून यायला वेळ लागेल.

या सगळ्याला दोन गोष्टींनी धक्का दिला आहे. पहिली पेट्रोलमधली, दुसरी पेटीतली.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. २०३० चं उद्दिष्ट सरकारनं २०२५ वर आणलं. हे इथेनॉल काही प्रमाणात उसापासून येतं, आणि ऊस याच भीमा-घोडच्या पट्ट्यात उभा असतो. शेतकरी म्हणून याच माणसाला इथेनॉल हवं असतं, आणि अंगणातली त्याची वीस वर्षांची मोटरसायकल त्याच इथेनॉलनं कुरकुरते. जुन्या गाड्यांचे रबरी ओ-रिंग आणि नळ्या इथेनॉल धरून बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं बसू शकतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानंच इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या दुचाक्यांचं अॅव्हरेज तीन-चार टक्क्यांनी आणि चारचाक्यांचं सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. उपाय साधे आहेत: नळी नव्या पेट्रोलला चालणारी टाका, गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. पंपावर मिळणाऱ्या चमत्कारी बाटल्या टाकू नका.

दुसरा धक्का मोठा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी इंजेक्टर, टाकीत विजेचा पंप, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि या सगळ्यांचा हिशेब ठेवणारी एक बंद पेटी. धूर कमी झाला, हे निर्विवाद चांगलं. पण बॅटरी पूर्ण उतरली तर पंप चालत नाही आणि धक्का मारूनही गाडी सुरू होत नाही. काही गाड्यांची किकही काढून टाकली आहे.

हौशी माणूस तरी हरलेला नाही. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर त्यानं घेतला आहे. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवेत. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगचा बोल्ट गंजला आहे. त्या गंजापायी लोकांनी नव्या बॅटऱ्या घेतल्या, नवे स्टार्टर बसवले. मोटारीसाठी हजाराच्या आत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की मोबाइलवर कोड येतो. पण इथेही तोच जुना मोह वाट पाहत असतो. पी-०१७१ हा कोड आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त असल्याचं पेटीला दिसलं, इतकंच. ऑक्सिजन सेन्सर खराब झाला असा त्याचा अर्थ नाही. बहुतेकदा कुठेतरी एक रबरी नळी चिरलेली असते. पेटीनं लक्षण सांगितलं. रोग अजून शोधायचाच आहे. यूट्यूबवर कोड घालून पहिल्या व्हिडिओत दाखवलेला भाग मागवणारा नवा हौशी आणि ‘बदलून बघू’वाला जुना मेकॅनिक यांच्यात मला काही फरक दिसत नाही.

खरी अडचण ज्ञानाची नाही, कुलपाची आहे. काही भाग बदलले तरी ते पेटीनं ओळखावेत यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि सर्व्हिस मॅन्युअल ग्राहकाला मिळत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ सालीच मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. कोलोरॅडोनं २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी केला, कारण तिथले शेतकरी आपलाच ट्रॅक्टर आपल्याला उघडता येत नाही म्हणून चिडले होते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं आणि वाहनं ही त्यातली दोन ठळक क्षेत्रं. पोर्टल हे माहितीचं ठिकाण आहे. कंपनीला मॅन्युअल द्यायला लावणारा कायदा नाही. तो व्हायला हवा, आणि ट्रॅक्टरपासून सुरुवात व्हायला हवी.

हक्क मागताना मर्यादाही मानायला हव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, घोडी लावायचीच. ब्रेकचं काम केल्यावर गाडी आधी अंगणात, ढकलून तपासायची. विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी वायरींना हौशी माणसानं हात लावू नये. तिथे शिकायला दुसरी संधी मिळत नाही. आणि सायलेन्सर कापून गावभर फटाके वाजवत फिरणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली ते स्पष्टही केलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, सुमारे साठ हजार रुपयांत, किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली तेव्हा उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, आणि ती नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या थांबवली जाईल हेही सांगितलं. २०२२ च्या जानेवारीत लोहारांना त्या बदल्यात बोलेरो मिळाली. कसब खरं होतं आणि कायदाही खरा होता.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं, हा प्रश्न अंगणात अजून नीट सुटलेला नाही. बांधकामवाले ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला नेतात, कोणी कुंपणाच्या खांबांना फासतं. गटारात किंवा विहिरीशेजारच्या खड्ड्यात ओतणारे अजून आहेत. जुनं ऑइल घेणारे अधिकृत व्यापारी असतात. गावातल्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी एक पिंप ठेवलं तरी पुरे.

वाचकांना एक विनंती आहे. गोठ्याच्या कडेला किंवा वाड्याच्या बोळात ज्यांची लुना, राजदूत किंवा एम-८० बंद पडून आहे, त्यांनी ती दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. मूलभूत तंत्रज्ञान शिकवणारी शाळा किंवा आयटीआय जवळ असेल, तर आधी तिथल्या शिक्षकांना विचारावं. पोरांना खोलून परत बसवायला असं उघडं इंजिन आता नव्यानं मिळत नाही. देण्याआधी टाकी रिकामी करावी, बॅटरी काढावी आणि आरटीओत अर्ज करून गाडीची नोंदणी रद्द करून घ्यावी.